हे हाड कुणाचं?

आमच्या जुन्नर-आंबेगावात एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. ‘बांधावरून घसरला, मंचरला नेऊन फोटो काढला’ एवढं सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. फोटो माणसाचा नाही, हाडाचा आहे, हे ऐकणाऱ्याला कळतं. हा फोटो घरी येतो आणि मग कधीच टाकला जात नाही. रेशनकार्ड, सातबारा आणि पोरांचे दाखले ज्या ट्रंकेत असतात तिथेच त्याचं मोठं पाकीट जातं. हाड जुळून वीस वर्षं झाली तरी पाकीट जागेवर. त्याचा पुन्हा उपयोग झालेला मी एकदाच पाहिला. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी, ऐन दिवाळीच्या दिवसांत सूर्यग्रहण होतं. आळीतली पोरं एका म्हाताऱ्याच्या खुब्याची फिल्म डोळ्यांपुढे धरून आळीपाळीनं सूर्य बघत होती. (असं करू नये. फिल्म उजेड कमी करते, पण डोळ्याला घातक ते सगळं अडवेलच याची खात्री नसते.) मीही पाहिलं. पांढुरक्या मांडीच्या हाडाशेजारी कडेनं कुरतडलेला सूर्य. हाड आणि सूर्य यांचा खरोखरच संबंध आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ती हकिकत पुढे येईलच.

हाडांचा खुला डेटा कुठे आणि कसा मिळतो हे सांगणारी ही पुस्तिका निघाली एका साध्या प्रश्नातून. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नारायणगाव, ओतूर, बेल्हे, मंचर, घोडेगाव या गावांतून आता पदवीपर्यंतचं शिक्षण मिळतं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आला की दोन-चार मुलं तरी हाडाचा विषय घेतात. मोडलेल्या हाडावर बसवायच्या पट्टीवर किती ताण येतो, एक्स-रे बघून संगणकाला फ्रॅक्चर ओळखता येईल का, असले विषय. मग विचारणा सुरू होते : ‘सर, मांडीच्या हाडाचं मॉडेल कुठं मिळेल? फुकट?’ ‘फुकट’वर जोर असतो आणि तो रास्त आहे. मॉडेल मिळतं, ढिगानं मिळतं. पण मी त्यांना उलट एक प्रश्न विचारायला लागलो आणि त्यावर बहुतेक जण गप्प होत. हे हाड कुणाचं? बाईचं की पुरुषाचं, किती वयाचं, कुठल्या देशातलं, जिवंत माणसाचं की मेलेल्याचं, आणि ते तुला देताना त्याला कुणी विचारलं होतं का? पत्ते आणि पायऱ्या पुस्तिकेच्या आत आहेत. इथे मला फक्त या प्रश्नाच्या बाजूनं चार गोष्टी सांगायच्या आहेत.

सुरुवात खोडदपासून करतो. नारायणगावाहून खोडदला जाताना त्या प्रचंड तबकड्या दिसतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा एकूण ३० तबकड्या आहेत. १४ मधोमध दाटीनं आहेत आणि उरलेल्या १६ तीन हातांनी लांबवर पसरल्या आहेत, काही तर शेजारच्या गावांच्या शिवारात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, तोंडी भाषेत जीएमआरटी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांच्या गाड्या लागतात, त्यामुळे इथल्या पोरांना ती अनोळखी नाही. ती उभारली प्रा. गोविंद स्वरूप यांनी. स्वरूप यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला डॉक्टरेट घेतली आणि तिथे त्यांचे गुरू होते रोनाल्ड ब्रेसवेल.

हे ब्रेसवेल मूळचे ऑस्ट्रेलियाचे. सूर्याचा रेडिओ नकाशा काढायचा, पण त्या काळच्या अँटेनांना सूर्यावरचा ठिपका वेगळा दिसतच नसे. दिसे ती एक लांब पट्टी, आणि त्या पट्टीतून आलेल्या सगळ्या ऊर्जेची मिळून एक बेरीज. आंब्याची फोड खाऊन आख्ख्या आंब्याचा आकार सांगण्यापैकी हे काम. १९५६ मध्ये ब्रेसवेलनी दाखवून दिलं की अशा बेरजा पुरेशा वेगवेगळ्या दिशांनी घेतल्या तर गणितानं मूळ चित्र परत उभं करता येतं. योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञानं १९१७ मध्येच याचा पाया घालून ठेवला होता, पण तो निबंध बहुतेकांच्या नजरेआडच राहिला. आता सूर्याच्या जागी माणसाचं डोकं ठेवा आणि रेडिओ लहरींच्या जागी क्ष-किरण. एका बाजूनं किरण सोडला, दुसऱ्या बाजूला किती पोहोचला ते मोजलं, की वाटेतल्या हाडा-मांसाची बेरीज मिळाली. दिशा बदलत बेरजा घेत राहायच्या. हाच सीटी स्कॅन. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन झाला. तो करणारे गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड आणि गणित मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. त्याच १९७१ साली आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी हे चित्र परत उभं करण्याची सुटसुटीत रीत छापली. ‘राम-लॅक’ या नावानं त्या रीतीतली गाळणी आजही सीटीच्या पाठ्यपुस्तकात पहिली शिकवतात. एमआरआय तर खोडदच्या आणखी जवळचा आहे. दुर्बीण आणि एमआरआय दोन्ही थेट चित्र टिपत नाहीत. लहरींच्या भाषेतले आकडे गोळा करतात आणि चित्र नंतर संगणकात घडतं.

म्हणजे नारायणगावातल्या एखाद्या सेंटरवर सीटी स्कॅन काढून घेणारा पेशंट आणि दहा-बारा किलोमीटरवरची दुर्बीण एकाच गणितावर चालतात. ग्रहणाच्या दिवशी फिल्ममधून दिसलेल्या हाडाचं आणि सूर्याचं नातं ते हे.

पण खोडदचा विषय मी काढला तो गणितासाठी नव्हे, एका सवयीसाठी. जीएमआरटीवर कुणाही शास्त्रज्ञानं निरीक्षण केलं की तो डेटा साधारण १८ महिने त्याच्यासाठी राखीव असतो. त्यानंतर तो संग्रहातून इतरांना खुला होतो. घोडेगावच्या विद्यार्थ्यानं मागितला तरी मिळतो. आकाशाच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण दीर्घिकेला कुणी संमती विचारत नाही आणि तिची बदनामीही होत नाही. हाडाचं तसं नाही.

हाडांच्या देवघेवीचा आपला इतिहास तर चांगलाच अवघडल्यासारखं करणारा आहे. इंग्रजांच्या काळापासून ते १९८५ पर्यंत जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत टांगलेले सांगाडे मोठ्या संख्येनं भारतातून गेलेले होते. कोलकाता हे त्या व्यापाराचं मुख्य ठाणं. ती हाडं कुणाची, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही. बहुतेक गरिबांची, ज्यांच्या प्रेताला वाली नव्हता अशांची. १९८५ मध्ये केंद्र सरकारनं सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. इकडे आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा ‘बोन सेट’ मात्र सीनियरकडून ज्युनियरकडे जातच राहिला. पिशवीत घालून, एसटीच्या रॅकवर ठेवून. ज्या देशानं जगाला खरी हाडं पुरवली, त्या देशातला विद्यार्थी आज परक्या माणसांच्या हाडांचे आकार इंटरनेटवरून उतरवून घेतो. मला यात नुसता योगायोग दिसत नाही. प्रश्न न विचारण्याची सवय तेवढी तीच राहिली आहे.

खुल्या शरीर-डेटाची पहिली मोठी घटनाही या प्रश्नापासून सुटलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं १९९४ मध्ये ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पातला पुरुषदेह खुला केला. सीटी आणि एमआरआय झाल्यावर तो देह गोठवून एकेक मिलिमीटरनं तासला आणि प्रत्येक थराचा रंगीत फोटो घेतला. असे १,८७१ थर. तो माणूस टेक्सासमध्ये १९९३ साली फाशी... नव्हे, विषारी इंजेक्शननं देहदंड दिलेला, ३९ वर्षांचा कैदी होता. त्यानं देहदान केलं होतं. पण तुरुंगात मरणाची वाट बघणाऱ्याची संमती कितपत मोकळी, यावर तेव्हा बराच वाद झाला. पुढच्या वर्षी ५९ वर्षांच्या एका स्त्रीचा देह आला, एक तृतीयांश मिलिमीटरच्या थरांनी. कित्येक संशोधनांतलं ‘माणसाचं हाड’ म्हणजे प्रत्यक्षात या दोघांचंच हाड आहे. टोकियोच्या डेटाबेस केंद्रानं काढलेलं ‘बॉडीपार्ट्स थ्री-डी’ हे आणखी एक गुणी आणि खुलं मॉडेल. त्याच्या बुडाशी एका जपानी पुरुषाचा एमआरआय आहे. एकाच देहावरून बेतलेलं मॉडेल शिकवायला उत्तम. मात्र ‘सरासरी माणूस’ म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

इथे एक तांत्रिक फरक सांगून टाकतो, कारण नवखा माणूस इथेच अडखळतो. हाडाचं ‘मॉडेल’ आणि हाडाचा ‘स्कॅन’ या दोन वस्तू आहेत. स्कॅन म्हणजे थरांचा गठ्ठा. त्यातल्या प्रत्येक बिंदूला घनतेचा आकडा असतो : पाणी शून्य, हवा उणे एक हजार, टणक हाड साधारण हजाराच्या आसपास किंवा वर. हा गठ्ठा ‘डायकॉम’ नावाच्या प्रकारात येतो. मॉडेल म्हणजे त्यातून हाड वेगळं काढून त्याच्या पृष्ठभागावर विणलेली त्रिकोणांची जाळी. जाळीत आकार राहतो, घनता जाते. मुलांना हवं असतं मॉडेल, कारण ते हलकं आणि लगेच फिरवून बघता येतं. पण हाड किती भार सोसेल हे विचारायचं असेल तर आतलं हाड कुठे भरीव, कुठे जाळीदार, हे लागतंच आणि ते स्कॅनमध्येच असतं. म्हणून मी सांगतो, शक्य तिथे स्कॅन घ्या आणि ‘थ्री-डी स्लायसर’सारख्या फुकट प्रणालीत हाड स्वतः सोडवा. पहिल्यांदा आठवडा जाईल. जाऊ दे. पाच मिलिमीटर जाडीचे थर घेतले की मांडीच्या हाडाच्या डोक्याला पायऱ्या पडतात आणि एक मिलिमीटरचे घेतले की ते गोल येतं, हे वाचून कळत नाही. एकदा त्या पायऱ्या स्वतःच्या पडद्यावर बघाव्या लागतात.

तयार मॉडेलची फजितीही मी पुरेशी पाहिली आहे. मॉडेलच्या एसटीएल फाइलमध्ये मापाचं एकक नसतं, नुसते आकडे असतात. एका मुलानं मिलिमीटरमधलं हाड मीटर समजून चालवलं. त्याची मांडी ताडाच्या झाडाइतकी नव्हे, भीमाशंकरच्या एखाद्या कड्याएवढी झाली, आणि संगणकानं तक्रार न करता उत्तर दिलं. दुसऱ्या एका गटाकडे उजव्या पायासाठी पट्टी होती आणि हाड डावं. थ्री-डी प्रिंटरवर छापून हातात घेतल्यावर कळलं. छापण्यासाठी लांब जायला नको : शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांचा विज्ञान आश्रम आहे, आणि अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये तिथेच सुरू झाली. पडद्यावर दहा वेळा बघून न दिसलेली चूक प्लास्टिकचं हाड हातात आल्यावर बोटांना कळते.

आता मूळ प्रश्नाकडे. गुडघ्याच्या झिजेवरचा जगातला अत्यंत मौल्यवान खुला साठा म्हणजे अमेरिकेचा ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह. ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ स्त्री-पुरुषांचे एक्स-रे आणि एमआरआय वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा घेतलेले. नोंदणी केली की मिळतो. त्यावर जगात किती प्रबंध उभे आहेत याची गणती करणं अवघड. पण ती माणसं अमेरिकेतल्या बाल्टिमोरसारख्या चार केंद्रांवरची आहेत. आंबेगावातल्या बाईचा गुडघा आठवून पाहा. सकाळपासून खुरपणी, म्हणजे उकिडवं बसून सरकत सरकत पूर्ण सरी. मग टोमॅटोची क्रेट. घरी चुलीपुढे पुन्हा उकिडवं, जेवायला मांडी घालून. खुर्चीचा आणि तिचा संबंध येतो तो दवाखान्यातच. हा गुडघा आयुष्यभर जितका दुमडतो, तितका बाल्टिमोरचा दुमडत नाही. परक्या गुडघ्यांवर शिकलेली प्रणाली तिच्या फोटोवर चालवली तर बरोबर सांगेलही, चुकीचंही सांगेल. ताडून बघायला इथल्या गुडघ्यांचे फोटो खुले असायला हवेत, आणि तिथेच घोडं अडतं.

हाडाच्या वयाचंही तसंच. डाव्या हाताचा एक्स-रे काढून मुलाच्या हाडांची वाढ किती वर्षांची हे ठरवतात. त्यासाठी ग्रॉयलिक आणि पाइल यांचा जो ॲटलास अजून सर्रास उघडला जातो, तो १९३१ ते १९४२ या काळात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सुस्थितीतल्या मुलांवरून बनलेला आहे. २०१७ मध्ये रेडिओलॉजीच्या उत्तर अमेरिकी संघटनेनं हाताचे १४,२३६ एक्स-रे स्पर्धेसाठी खुले केले; तेही तिकडच्या दोन बालरुग्णालयांतले. खांदा ते बोटं या सात भागांचे ४०,५६१ एक्स-रे देणारा ‘म्युरा’ स्टॅनफर्डचा. मुलांच्या मनगटांचे २०,३२७ एक्स-रे ऑस्ट्रियातल्या ग्रात्सचे. सीटी स्कॅनमधून ५९ हाडं आपोआप सोडवून देणारी ‘टोटल-सेगमेंटेटर’ प्रणाली आणि तिचे १,२०४ स्कॅन स्वित्झर्लंडच्या बाझेलचे. न्यू मेक्सिको विद्यापीठाकडे १५,००० हून अधिक मृतांचे संपूर्ण शरीराचे सीटी आहेत, आणि त्यांच्यासोबत त्या त्या माणसाच्या जगण्याची माहितीही; अर्ज करून मिळतात. हे सगळं वापरावं, कौतुकानं वापरावं. देणाऱ्यांनी मोठं काम केलं आहे. आपल्या जवळचं म्हणाल तर बांगलादेशातल्या रुग्णालयांतून जमवलेला ‘फ्रॅक-ॲटलास’ २०२३ मध्ये आला. ४,०८३ एक्स-रे, त्यांतल्या ७१७ मध्ये मोडलेलं हाड. आकडा लहान आहे, पण मोडणारं हाड आपल्यासारखं जगणाऱ्याचं आहे.

आपल्याकडे कुणी काहीच केलं नाही, असंही नाही. तीन उदाहरणं मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मुलांना ती माहीत नसतात.

नांदेड. तिथल्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतल्या मंडळींनी नांदेडच्याच एका नेत्र-दवाखान्यात घेतलेले डोळ्याच्या पडद्याचे ५१६ फोटो निवडले. मधुमेहानं पडद्यावर आलेले बारीक फुगवटे आणि रक्ताचे ठिपके त्यांतल्या ८१ फोटोंवर एकेका बिंदूपर्यंत आखून दिले, आणि २०१८ मध्ये तो साठा जगाला खुला केला. त्याच वर्षी त्यावर वॉशिंग्टनच्या परिषदेत स्पर्धा झाली. विषय हाडाचा नाही, पण ही कथा आमच्यासारख्यांनी मुळातून वाचावी. पुण्या-मुंबईपासून लांब, एक सरकारी अनुदानाची संस्था, एक दवाखाना आणि ५१६ फोटो. जगभरच्या निबंधांत आज त्याचा उल्लेख येतो.

बेळगाव. तिथल्या राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये गुडघ्याचे १,६५० डिजिटल एक्स-रे खुले केले. हे आमच्या विषयाचं थेट उदाहरण. झीज किती, याची शून्य ते चार अशी केलग्रेन-लॉरेन्स प्रतवारी असते. ती दोन वैद्यकीय तज्ज्ञांकडून करवून घेतली आणि दोघांचीही स्वतंत्र ठेवली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. दोन डॉक्टर एकाच गुडघ्याला वेगळी प्रत देऊ शकतात, हे त्या साठ्यानं लपवलं नाही. एकच ‘बरोबर उत्तर’ देणाऱ्या साठ्यांमध्ये हा मतभेद आतल्या आत मिटवलेला असतो आणि वापरणाऱ्याला वाटतं, संगणक चुकला. चुकला असेलही, कदाचित डॉक्टरांचंच एकमत नसेल.

मुंबई. क्युअर-एआय या कंपनीनं २०१८ मध्ये ‘सीक्यू-५००’ नावानं डोक्याचे ४९१ सीटी स्कॅन खुले केले. स्कॅन दिल्लीतल्या केंद्रांवरचे, वाचन तीन रेडिओलॉजिस्टांचं. कवटीचं फ्रॅक्चर आहे का, हेही त्यात नोंदलेलं आहे. व्यापारासाठी वापरता येणार नाही अशी अट आहे, संशोधनाला मोकळीक आहे. खासगी कंपनीनं असं करावं याचं मला आश्चर्य वाटलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

परवान्याच्या अटी मुलं वाचत नाहीत. एकच साठा तिसऱ्यानं उचलून भलत्याच साइटवर चढवलेला असतो, वर ‘मुक्त’ असा शिक्का. मूळ ठिकाणी मात्र व्यापारी वापराला मनाई लिहिलेली. म्हणून उतरवण्याआधी उगमापर्यंत जायचं. उगम सापडला नाही तर तो साठा सोडून द्यायचा, कितीही देखणा असला तरी.

संमतीबद्दल एक स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका स्कॅन सेंटरला मी संशोधनासाठी जुने स्कॅन मागितले. फार आढेवेढे न घेता त्यांनी पेन ड्राइव्ह भरून दिला. घरी उघडला तर प्रत्येक फाइलमध्ये पेशंटचं पूर्ण नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव. एक नाव माझ्या ओळखीचं निघालं आणि त्या माणसाला काय झालंय, हे त्यानं न सांगता मला कळलं. पेन ड्राइव्ह परत केला. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, ‘संशोधनाला काय हरकत’ असा. डायकॉम फाइलच्या पोटात अशा माहितीचे डझनावारी कप्पे असतात. शिवाय काही यंत्रं नाव चित्रावरच छापतात. ते दोन्ही पुसावं लागतं. डोक्याच्या स्कॅनचं तर नाव पुसूनही भागत नाही, कारण त्याच थरांतून चेहरा उभा करता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले, आणि चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीनं त्यांतले ७० बरोबर ओळखले. म्हणून चांगल्या साठ्यांत कवटी ठेवून चेहऱ्याची कड पुसलेली असते. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचा सारांश पुस्तिकेत दिला आहे. तो भाग कंटाळवाणा आहे, तरी गाळू नका.

हाडं माणसाचीच असतात असं नाही. जुन्नरच्या मुलांनी बिबट्याचं नाव काढलं नाही असं होत नाही, माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र घराशेजारीच. बिबट्याच्या जबड्याची ताकद मोजायची म्हणून एकानं ‘रानात सापडलेली कवटी आणू का’ असं विचारलं. आणू नकोस, म्हटलं. वन्यजीव कायद्यानुसार ती बाळगणं गुन्हा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘मॉर्फोसोर्स’वर संग्रहालयांतल्या प्राण्यांच्या कवट्यांचे स्कॅन असतात, तिथे शोध. त्याचा थोडा हिरमोड झाला. पडद्यावरची कवटी सापडत नाही, ती फक्त मिळते, हे त्याचं म्हणणं मलाही पटलं.

आणि जुनी हाडं? आंबेगावातून वाहणारी घोड नदी खाली शिरूर तालुक्यात जाते. तिच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. घराच्या जमिनीखाली दफनं, दोनशेहून अधिक. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेलं आणि मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या सांगाड्यांचा अभ्यास करून मोजमापं ग्रंथरूपानं छापली. आमच्या नदीकाठचा हाडांचा पहिला खुला साठा मी यालाच मानतो. कागदावर आहे, उतरवून घेता येत नाही, ग्रंथालयात जाऊन वाचावा लागतो. पण ‘हे हाड कुणाचं’ या प्रश्नाला तिथे खड्डा, थर, वय, सोबतचं भांडं असं नेमकं उत्तर मिळतं. नाव तेवढं कुणालाच माहीत नाही.

पुस्तिकेत एका ठिकाणी मनगटाचा एक एक्स-रे छापला आहे. मनगटाजवळ मोडून मागे झुकलेलं हाड, म्हाताऱ्या माणसांत हात टेकून पडल्यावर मोडतं तसं. तो माझ्या आईचा आहे. न्हाणीत पाय घसरून पडली होती. ट्रंकेतलं पाकीट काढलं आणि तिला रीतसर विचारलं, की पुस्तकात छापू का, पोरं शिकतील. तिनं फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. ‘नाव छापतोस का?’ म्हणाली. म्हटलं, नाही, नाव काढावंच लागतं. ‘आणि गाव?’ गावही लहान असलं तर काढतात, म्हटलं, तालुका ठेवता येतो. तिला ते फारसं आवडलं नाही. ‘नाव नको तर नको,’ म्हणाली, ‘पण जुन्नरची आहे एवढं तरी लिही.’ चित्राखाली तेवढं लिहिलं आहे : स्त्री, वय ७१, उजवं मनगट, जुन्नर तालुका.